लोकलच्या प्रवासात रोज माणसं का मरतात? आणि हे मृत्यू नेमके कशाने कमी होतात?

९ जून २०२५, सोमवार सकाळ. ठाण्यापुढे मुंब्रा आणि दिवा या स्थानकांच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून विरुद्ध दिशांना गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली होती. ती एकमेकांना घासली आणि अनेक जण खाली पडले. किमान चार जणांचा मृत्यू झाला.

त्या दिवशी गाडी रुळावरून घसरली नव्हती, दोन गाड्यांची टक्करही झाली नव्हती. रुळांच्या देखभालीत त्रुटी होती का, हा वाद पुढे बराच रंगला आणि लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हाही नोंदवला. पण दोन्ही गाड्यांना दारं असती आणि ती बंद असती, तर त्या सकाळी बातमीच झाली नसती.

'रेल्वे अपघात' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकमेकांवर चढलेले डबे येतात. मुंबईत मात्र माणसं तशी मरत नाहीत. ती एकेकटी मरतात. म्हणूनच ती बातमीच्या एका ओळीत मावतात.

किती मृत्यू होतात?

रेल्वेने मुंबई उच्च न्यायालयात सादर केलेल्या आकडेवारीनुसार २००५ ते जुलै २०२४ या काळात उपनगरी मार्गांवर ५१,८०२ जणांचा मृत्यू झाला. त्यातले २२,४८१ पश्चिम रेल्वेवर आणि २९,३२१ मध्य रेल्वेवर. भागाकार केला तर दिवसाला सरासरी सात येतात.

दशकभरापूर्वी वर्षाला तीन हजारांहून अधिक मृत्यू होत. आता तो आकडा अडीच हजारांच्या आसपास आला आहे. म्हणजे सुधारणा झाली आहे, पण तिचा वेग लोकलसारखा नाही, मालगाडीसारखा आहे. जून २०२४मध्ये उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर रेल्वेला फटकारलं. प्रवाशांना जनावरांसारखं कोंबून नेलं जातं याची लाज वाटते, अशा आशयाचे शब्द तेव्हाच्या मुख्य न्यायमूर्तींनी वापरले होते.

एकूण मृत्यूंपैकी साधारण निम्मे रूळ ओलांडताना होतात. त्याखालोखाल चालत्या गाडीतून पडणारे. बाकीच्यांत फलाट आणि गाडी यांच्या फटीत सापडलेले, खांबाला धडकलेले, विजेचा धक्का बसलेले, आत्महत्या केलेले आणि प्रवासातच आजारपणाने गेलेलेही येतात. प्रत्येक प्रकाराचं कारण वेगळं आहे, त्यामुळे उपायही वेगळा लागतो. 'प्रवाशांनी काळजी घ्यावी' हे एकच वाक्य सगळ्यांना लावून काही होत नाही.

रूळ ओलांडणाऱ्याला गाडी दिसत नाही का?

दिसते. बहुतेकांना दिसते. चूक होते ती तिचा वेग ओळखण्यात.

आपला मेंदू मोठ्या वस्तूचा वेग कमी धरतो. सांताक्रूझला उतरणारं मोठं विमान हवेत तरंगत असल्यासारखं वाटतं आणि त्याच वेगाचं छोटं विमान झपकन गेल्यासारखं वाटतं. लोकलचंही तेच होतं. हर्शेल लिबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांसंदर्भात हे मांडलं होतं. त्यात गाडी थेट समोरून येत असेल तर ती बाजूला सरकताना दिसत नाही, फक्त हळूहळू मोठी होत जाते. डोळ्याला अंदाज बांधायला काहीच मिळत नाही.

आता हिशेब करू. ताशी ८० किलोमीटरने येणारी लोकल सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. दोन मार्ग खडीतून ओलांडायला धडधाकट माणसाला आठेक सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी पावणेदोनशे मीटर पुढे आलेली असते. मोटरमनने तुम्हाला पाहताक्षणी ब्रेक लावला तरी गाडी थांबायला काहीशे मीटर लागतात. म्हणजे 'तो थांबवेल' हा पर्याय मुळातच नसतो.

वडाळ्याला २०१०च्या सुमारास यावर एक प्रयोग झाला, तो सांगण्यासारखा आहे. फायनलमाइल या माणसांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर तो केला. लोक जिथे नेहमी रूळ ओलांडतात तिथे ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले. येणाऱ्या गाडीखाली एकेक पिवळा पट्टा गडप होताना दिसला की डोळ्याला तिचा वेग कळतो. 'रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे' या नेहमीच्या पाटीऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती टिपणारे फोटो लावले. तिसरा बदल हॉर्नचा. एक लांबलचक भोंगा कान हळूहळू दुर्लक्षित करतात, पण दोन तुटक भोंगे आणि मधली क्षणभराची शांतता लगेच लक्ष वेधते. तिथले मृत्यू लक्षणीय घटले आणि हे उपाय पुढे इतर ठिकाणीही वापरले गेले. खर्च म्हणाल तर रंगाचे डबे आणि काही फलक.

पण रंगाला मर्यादा आहे. माणूस रूळ का ओलांडतो, हा प्रश्न राहतोच. पूल फलाटाच्या एका टोकाला आणि रिक्षा स्टँड दुसऱ्या टोकाला असतो. पन्नास-साठ पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या, हातात बाजाराची पिशवी, गुडघे दुखतात. गाडी नेहमीच्या फलाटाऐवजी पलीकडे येणार असल्याची घोषणा ती यायच्या दोन मिनिटं आधी होते. स्थानक पूर्वेला आणि शाळा, दवाखाना पश्चिमेला. अशा ठिकाणी दंडाची भीती चालत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७नुसार रुळांवर अनधिकृत प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही लोक ओलांडतात, कारण रोजची दहा मिनिटं वाचतात आणि रोज काही होत नाही.

म्हणून खरा परिणाम होतो तो दोन गोष्टी एकत्र केल्यावर: रुळांच्या कडेला भिंत किंवा कुंपण, आणि त्याच जागी सरकते जिने किंवा लिफ्ट असलेला पूल. नुसती भिंत बांधली की महिनाभरात तिला भगदाड पडतं. नुसता पूल बांधला आणि वाट उघडी ठेवली की पूल फेरीवाले आणि कबुतरांच्या हवाली होतो.

दारात लोक हौसेने उभे राहतात का?

काही राहतात. वारा खायला, रील काढायला, खांबाला हात लावून दाखवायला. पण सकाळी आठच्या डोंबिवली फास्टच्या दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही. आत जागाच नसते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतात, आणि रेल्वेने याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलं आहे. चार फरशांएवढ्या जागेत पंधरा माणसं असं समजा. शिवाय मधल्या स्थानकावर उतरायचं असेल तर आत जाऊन चालत नाही, पुन्हा दारापर्यंत येता येत नाही.

म्हणजे दारातला मृत्यू हा मुळात गर्दीचा मृत्यू आहे. तरी दार बंद करणं हा उपाय आहेच. तो इतकी वर्षं का झाला नाही?

पहिलं कारण हवा. साध्या डब्यात हवा दारं आणि खिडक्यांतून येते. इतक्या गर्दीत दारं बंद केली तर आत लोक गुदमरतील. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न तिच्यापुरता सुटला. तिची दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. पण तिचं भाडं जास्त, फेऱ्या कमी. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर रेल्वेने बिगर-वातानुकूलित लोकललाही स्वयंचलित दारं बसवण्याचं जाहीर केलं. त्या आराखड्यात दारांना हवेसाठी झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी आहे. या तीनपैकी झडपा आणि छतावरची हवा ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याशिवाय बंद दार म्हणजे एका धोक्याच्या जागी दुसरा.

दुसरं कारण वेळ. सीएसएमटी ते कल्याण धीमी लोकल पहिलं आणि शेवटचं धरून २६ स्थानकं घेते. प्रत्येक मधल्या थांब्यावर दार उघड-बंद व्हायला पाच सेकंद जास्त लागले तरी फेरीमागे दोन मिनिटं वाढतात. मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असते. शिवाय कोणाचा पाय, कोणाची बॅग दारात अडकली की दार लागत नाही आणि सगळा मार्ग खोळंबतो. एसी लोकलच्या प्रवाशांना हे नवं नाही.

त्यामुळे दारांबरोबर गाड्या वाढवाव्या लागतात. बाराऐवजी पंधरा डबे केले की त्याच फेरीत पंचवीस टक्के जास्त माणसं जातात. त्यासाठी फलाट लांब करावे लागतात. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२मध्ये सुरू झाली, ती लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल वेगळ्या करण्यासाठीच. आणि गर्दी पसरवण्याचा एक बिनखर्चाचा उपाय आहे, कार्यालयांच्या वेळा. मध्य रेल्वेने २०२३मध्ये मुंबईतल्या आपल्याच कार्यालयात दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या आणि इतरांनाही तसं आवाहन केलं. इतर कार्यालयांचा प्रतिसाद थंडच राहिला. हा उपाय रेल्वेच्या हातात नाही, आपल्या साहेबांच्या हातात आहे.

दारात उभं राहावंच लागलं तर काय? पाठीवरची बॅग पुढे छातीशी घ्या. मुंब्र्याची गोष्ट आठवा, वळणावर शेजारून गाडी जाताना पाठीवरची बॅगच सर्वांत बाहेर असते. फोन खिशात ठेवा. रुळाशेजारच्या खांबावरून काठीचा फटका मारून फोन पाडणारे चोर आजही आहेत आणि फोन वाचवायच्या नादात माणूस तोल सोडतो.

टपावरच्या प्रवासाबद्दल फार लिहायची गरज उरलेली नाही. २०१६पर्यंत मुंबईतल्या सगळ्या मार्गांवर १,५०० व्होल्टऐवजी २५ हजार व्होल्टचा वीजपुरवठा आला. या दाबाला तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी अंगावर येते.

पायदान आणि फलाट यांमधली फट

ही घोषणा प्रत्येक मुंबईकराला पाठ आहे. पण घोषणेने फट बुजत नाही.

जानेवारी २०१४मध्ये घाटकोपरला एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी गाडी पकडताना या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि फलाटांची उंची वाढवण्याचे आदेश झाले. आधी फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असत, ते ९०० ते ९२० करण्यात आले. आकडा किरकोळ वाटतो. पण आठ-दहा सेंटिमीटरच्या फरकाने पडलेला माणूस फलाटाखाली सरकतो की फलाटावरच आपटतो, हे ठरतं. गाडीच्या पातळीइतकी उंची सगळीकडे करता येत नाही, कारण त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही जातात. आणि फलाट वळणावर असेल तर फट भूमितीनेच मोठी होते. सरळ डबा वक्र कडेला चिकटून उभा राहूच शकत नाही.

मेट्रो-३च्या स्थानकांवर फलाटाच्या कडेला काचेची पूर्ण उंचीची दारं आहेत, ती गाडी आल्यावरच उघडतात. लोकलला ती का नाहीत, असं बरेच जण विचारतात. मेट्रोचे सगळे डबे एकसारखे असतात आणि गाडी ठरलेल्या जागी थांबते. लोकलमध्ये बारा डब्यांची, पंधरा डब्यांची, एसी, साधी अशा वेगवेगळ्या गाड्या एकाच फलाटावर येतात. त्यांची दारं एका रेषेत येत नाहीत.

पुलावर काय होतं?

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसामुळे लोक थांबून राहिले, मागून गाड्यांमधून लोक येतच राहिले. २३ जणांचा मृत्यू झाला. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तिथे हजारो लोक कामाला येऊ लागले, पूल मात्र जुनाच होता. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती, काम झालेलं नव्हतं. दुर्घटनेनंतर लष्कराने बांधलेला पूल २७ फेब्रुवारी २०१८ला खुला झाला. मंजुरीत अडकलेलं काम पाच महिन्यांत होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

चेंगराचेंगरीत लोक बहुतेकदा तुडवले जाऊन मरत नाहीत. छातीवर इतका दाब येतो की श्वास घेता येत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि एकट्याच्या ताकदीला अर्थ उरत नाही. अशा वेळी दोन्ही हात मुष्टियुद्धातल्यासारखे छातीपुढे धरा, म्हणजे फुप्फुसांना जागा राहते. लाटेच्या उलट ढकलू नका, तिच्याबरोबर जात तिरके कडेला सरका. पडलेली चप्पल किंवा फोन उचलायला वाकू नका. पुलावर छत्री उघडायला थांबणाऱ्याला मागून आलेली ढकल कळत नाही, पण ढकलीची सुरुवात तिथूनच होते.

धोका टाळायला उतरलो आणि…

२२ जानेवारी २०२५ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, लोक खाली उतरले, तेही शेजारच्या मार्गावर. तिथून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवलं. किमान बारा जण गेले. आग नव्हतीच.

लोकलमध्येही धूर दिसला, ठिणगी उडाली की लोकांचा पहिला विचार उडी मारण्याचा असतो. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली असेल तर शेजारचा मार्ग सुरू आहे असंच धरा. उतरावंच लागलं तर शेजारचा मार्ग नसलेल्या बाजूने. याच कारणाने, कोणी गाडीतून पडल्याचं दिसलं आणि पुढचं स्थानक जवळ असेल तर भर मार्गात साखळी ओढण्यापेक्षा स्थानकावर उतरताच गार्डला किंवा स्टेशन मास्तरला सांगणं आणि १३९वर फोन करणं बरं.

फोनवर 'कुर्ल्याच्या पुढे कुठेतरी' असं सांगितलं तर शोधण्यात वेळ जातो. रुळांशेजारी विजेच्या तारा धरणारे जे खांब असतात, त्यांवर अपूर्णांकासारखा एक क्रमांक रंगवलेला असतो. त्यातला एक आकडा किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. तो वाचता आला तर तोच सांगा, म्हणजे स्ट्रेचर नेमक्या जागी पोहोचतं. नाहीच वाचता आला तर कोणती दोन स्थानकं, अप की डाउन, जलद की धीमा मार्ग आणि किती वाजता, एवढं तरी.

घरच्यांना भरपाई मिळते का?

हा भाग सर्वांत कमी लोकांना माहीत असतो. गाडीतून पडून मृत्यू झाला तर 'तो दारात उभा होता, त्याची चूक' असं सांगून घरच्यांना परत पाठवलं जातं आणि ते परत जातातही.

रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळते, आणि त्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूसाठी ही रक्कम आठ लाख रुपये आहे. जखमींना दुखापतीच्या प्रकारानुसार ठरलेली रक्कम मिळते. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत असणं आणि आजारपणाने आलेला मृत्यू हे प्रमुख अपवाद आहेत.

निष्काळजीपणा या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये रीना देवी प्रकरणात हे स्पष्ट केलं: चढता-उतरताना प्रवाशाचा निष्काळजीपणा झाला म्हणून त्याला 'स्वतःहून करून घेतलेली इजा' म्हणता येत नाही. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की, मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर माहिती दिली की ते खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. तरी पास, ॲपवरची नोंद, स्मार्ट कार्ड यांपैकी जे असेल ते जपून ठेवा. मृताचा फोन घाईघाईत बंद करून टाकू नका, तिकीट त्यातच असू शकतं.

रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूला मात्र हे कलम लागू होत नाही. त्यामुळे पंचनाम्यात 'पडून' लिहिलं आहे की 'ओलांडताना', या एका शब्दावर घरच्यांचे आठ लाख अवलंबून असतात. लोहमार्ग पोलिसांनी केलेल्या पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा. सोबत प्रवास करणारं कोणी असेल तर त्याचा जबाब नोंदवायला सांगा. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, घटनेपासून एका वर्षाच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून अर्ज दाखल करून घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका.